तुळजक्कानं नको म्हटलेला वळू

आमच्या इथल्या मराठी मंडळाचं दरवर्षी एक पुस्तक निघतं. वर्षभरात जी माणसं गेली त्यांचे फोटो आणि खाली चार ओळी. माझी बायको जाऊन आठ महिने झाले, म्हणून सेक्रेटरी घरी आला. पुण्याकडचा माणूस, व्हाइटफील्डला नोकरी करतो, मनानं चांगला आहे.

"काका, मजकूर रेडी आहे," तो फोनमध्ये बघत म्हणाला. "तुळजाबाई, नाव, गाव, आणि मग प्रेमळ, सुगरण, आदर्श गृहिणी. ओके ना?"

मी म्हटलं, "नाही."

"काय चेंज करू?"

"सुगरण काढा. तिची चपाती कधी गोल झाली नाही. रागीमुद्दा, म्हणजे नाचणीचा गोळा, करायची तो भिंतीवर मारला तर भिंत पडावी. प्रेमळही काढा, लोक हसतील."

"मग काय लिहू, काका?"

"वळूंची पारख करायची, असं लिहा."

तो म्हणाला, "वळू म्हणजे बुल ना? लेडीजच्या बाबतीत ते जरा ऑड वाटेल. फॅमिली पुस्तक आहे आपलं."

मी त्याला कॉफी दिली आणि पाठवून दिलं. पुस्तकात काय छापायचं ते छापोत. मी इथं लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला. मराठी घरात बोलायचं, बाहेर सगळं कन्नड. आमची माणसं तीनशे-साडेतीनशे वर्षं याच बाजूला आहेत, त्यामुळं आमचं मराठी पुण्याच्या माणसाला विचित्र लागतं. मुलगी म्हणाली, अप्पा, मी नीट करून देते. म्हटलं, हात लावू नको.

होसकोटेच्या पलीकडं एक वळूंचं केंद्र होतं. वळू म्हणजे पैदाशीचा बैल, इकडं गूळी म्हणतात. सत्तर-ऐंशी वळू असायचे. त्यांचं वीर्य काढून, गोठवून गावोगाव पाठवायचं आणि त्यावर गाई गाभण करायच्या. एका वळूच्या हजारो मुली होतात. म्हणजे एका वळूत खोट असली तर ती हजारो गोठ्यांत जाते. हे कळलं की पुढचं सगळं कळेल. मी तिथं वेसण धरायला होतो, सरकारी शिक्क्याचा कायम माणूस. ती रोजंदारीवर चारा कापायची. आम्ही केंद्राच्याच क्वार्टरमध्ये राहायचो. सगळे तिला तुळजक्का म्हणत, माझ्यापेक्षा मोठे साहेबसुद्धा.

तिचा बाप चिंतामणीकडं एका खेड्यात गावचा वळू सांभाळायचा. एवढंच मी त्याच्याबद्दल सांगतो, कारण तीही एवढंच सांगायची. "बापानं शिकवलं का?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "बाप दारू प्यायचा. वळू मी सांभाळायची."

ती बैलांशी कन्नडात बोलायची, माझ्याशी मराठीत आणि भांडायची दोन्हींत. उंचीनं माझ्या खांद्याला लागायची. पदर खोचून, एक हात कमरेवर, तोंडात लवंग. वळू समोर आणला की लोक समोर उभे राहतात. डोकं बघतात, शिंगं, वशिंड, गळ्याची पोळी. ही सरळ मागं जायची. शेपटी बाजूला करून खाली वाकायची आणि तिथनं बघायची. वळू लाथ मारेल याची भीती तिला नव्हती, किंवा असली तरी मला दिसली नाही. मागनं बघून झालं की बाजूनं, आणि तोंड सगळ्यात शेवटी. कधीकधी तोंड बघायची राहूनच जायची. कुणी म्हणालं, "अक्का, चेहरा तर बघ, सिनेमातला हिरो आहे," तर म्हणायची, "हिरो पडद्यावर उभा असतो. याला दोन पायांवर उभं राहायचंय."

तिची पारख मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात कशी आली ते सांगतो. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे तेव्हाचे मुख्य. एक दिवस ते कुणा पाहुण्यांना एक नवा वळू दाखवत होते. काळा-पांढरा, चमकणारा, पाठ अशी सरळ की वर पाण्याचा तांब्या ठेवावा. मी वेसण धरली होती. ही गव्हाणीत चारा टाकत होती. चारा टाकता टाकता मला मराठीत म्हणाली, "हा उन्हाळा काढत नाही."

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही सार," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी अजून विसरलो नाही. आणि कन्नडात स्वतःच सांगितलं, "सार, याचे मागचे पाय बघा. खांबासारखे सरळ आहेत. मधे जो उलटा गुडघा असतो तिथं वाकच नाही. वीर्य काढताना हा दोन पायांवर चढणार, हजार किलो वजन त्या दोन पायांवर येणार. वाकायला जागा नाही तर ते वजन जाणार कुठं?"

पाहुणे हसले. एक जण म्हणाला, "मग कोयत्यासारखे वाकडे असावेत काय?"

"कोयत्यासारखे असले तर खूर घासून जातात. स्वल्प वाक पाहिजे. तुमच्या पायाला आहे तेवढा," ती म्हणाली, आणि त्या माणसानं खरंच स्वतःच्या पायाकडं बघितलं.

उन्हाळ्यात त्या वळूचे दोन्ही उलटे गुडघे नारळाएवढे सुजले. चढायचं नाव घेईना. वीर्य काढायला ज्याच्यावर चढवतात त्या डमीजवळ नेला की थरथरायचा. तेव्हा मोठे डॉक्टर चाऱ्याच्या खड्ड्याशी आले, पँट वर ओढून उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुळजक्का, आणखी काय काय दिसतं तुला?"

तिथनं ती जीपमध्ये बसायला लागली. गावोगाव चांगल्या गाईंचे गोऱ्हे, म्हणजे नर वासरं, असतात, त्यातनं केंद्रासाठी निवडायचे असतात. डॉक्टर आईच्या दुधाची माहिती बघायचे, रक्त तपासायचे, टेपनं मोजायचे. ही अंग बघायची. मागचा पुठ्ठा रुंद आहे का, उतार किती, छातीत दोन पायांमधे जागा आहे का, अंडं दोन्ही बाजूंनी सारखी आहेत का. वळूलाही बारके चार सड असतात, पुष्कळांना माहीत नसतं. ते नीट चार कोपऱ्यांत आहेत का हेही ती बघायची, म्हणायची, मुलींची कास इथनं येते. आणि शेवटी पाणी. बादलीभर पाणी सिमेंटवर ओतायला लावायची, त्या ओल्यातनं गोऱ्हा चालवायचा आणि पुढं कोरड्यावर उमटलेले ठसे बघायचे. पुढचा पाय जिथं पडला तिथंच मागचा पडला पाहिजे. अलीकडं पडला, बाहेर पडला, घासत गेला, सगळं ठशात दिसायचं. मग दोनच शब्द. "ठेवा" किंवा "नको." जीपमध्ये बसून कुणी मन वळवायचा प्रयत्न केला तर खिडकीतनं बाहेर बघायची.

घरातही तसंच. मी रिटायर झाल्यावर मुलीला बघायला एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरदार चांगलं. पोहे झाले, कॉफी झाली. ही म्हणाली, "तुम्ही जरा कोपऱ्यावरनं पान आणता का?" मुलाची आई चकित झाली, पण मुलगा उठून गेला. ही दारात उभी राहून तो जाताना बघत होती, येताना बघत होती. लोक गेल्यावर मी विचारलं, "आता त्याचे ठसे बघणार होतीस काय?"

"टाच घासतो," ती म्हणाली. "टाच घासणारा माणूस प्रत्येक कामाला उशीर करतो."

मुलीनं त्याच्याशीच लग्न केलं. तो खरंच प्रत्येक कामाला उशिरा येतो. पण माणूस सोन्यासारखा आहे, आणि हे तिनं नंतर कबूल केलं. म्हणाली, "टाचेवरनं उशीर कळतो. स्वभाव कळत नाही. तेवढं माझं चुकलं."

चुकलं म्हणायला ती कधी घाबरली नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढं जे झालं त्यात लोक तिला हट्टी म्हणाले. हट्टी माणूस कसा असतो ते मला माहीत आहे, मी स्वतः आहे. ती नव्हती.

चिक्कण्णा म्हणून एक शेतकरी होता. त्यानं पहिल्या वर्षी गोऱ्हा दाखवला तो पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून आणि मागचे गवतात बुडवून. उंचवट्यामुळं पाठीतला खड्डा दिसत नाही, गवतामुळं खूर दिसत नाहीत. शिवाय सकाळी मीठ घालून पाणी पाजलेलं, पोट भरून बरगड्या झाकलेल्या. हिनं गोऱ्हा चार पावलं पुढं घ्यायला लावला आणि तिथंच म्हणाली, "नको. आणि चिक्कण्णा, गोऱ्ह्याला एवढं पाणी पाजलंस, मला एक तांब्या विचारला नाहीस."

सगळे हसले. चिक्कण्णाही हसला, पण कानापर्यंत लाल होऊन.

पुढच्या वर्षी त्यानं दुसरा गोऱ्हा आणला. या वेळी काही लपवलं नव्हतं. सपाट जमिनीवर मोकळा उभा केला होता. गोऱ्हा खरंच देखणा होता. पण मागचा उजवा पाय सरळ ताणून उभा राहायचा आणि पाण्यातनं चालवला तर त्या पायाचा ठसा दर वेळी अलीकडं पडायचा. हिनं दोनदा चालवला. म्हणाली, "नको."

"अक्का, या वेळी मी काही केलेलं नाही," चिक्कण्णा म्हणाला.

"मी कुठं म्हटलं केलंस?" ती म्हणाली, पण मला दिसत होतं की मनात गेल्या वर्षीचा उंचवटाच होता.

निवडला नाही तो गोऱ्हा खेड्यात कुणी तसा ठेवत नाही. चिक्कण्णानं त्याला बडवून खच्ची करून घेतला आणि गाडीला जुंपला. सात-आठ महिन्यांनी नाल मारणाऱ्यानं त्याच पायाचा खूर साफ करताना आतनं खिळ्याचा तुकडा काढला. बोटाच्या पेराएवढा, गंजलेला. तो निघाला आणि बैल दोन दिवसांत नीट चालायला लागला. पाय सरळ नव्हताच. तो दुखत होता म्हणून ताणून धरत होता.

चिक्कण्णा बस बदलून बदलून केंद्रावर आला आणि तो तुकडा हिच्यासमोर ठेवला. हिनं तो उचलून बघितला आणि मला म्हणाली, "मी याच्या गावाला जाऊन येते."

मोठे डॉक्टर म्हणाले, "तुळजक्का, जाऊ नको. तू चुकलीस म्हणालीस तर उद्या सगळे आपापले नाकारलेले गोऱ्हे घेऊन येतील."

"येऊ देत सार. बघू परत."

मी बरोबर गेलो. डेअरीवर संध्याकाळचं दूध घालायला माणसं जमली होती. तिनं बैल चालवून बघितला. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "चिक्कण्णाचा गोऱ्हा चांगला होता. मी पाय उचलून बघितला नाही. उभा कसा राहतो एवढंच बघितलं. मी चुकले."

चिक्कण्णा म्हणाला, "चुकलीस म्हणून त्याची अंडं परत येणार आहेत का?"

"नाही येणार," ती म्हणाली.

आणि तिथंच उभी राहिली. माणसं दूध घालून घालून गेली तरी उभी होती. चिक्कण्णानं तिला पाणी विचारलं नाही आणि तिनं मागितलं नाही. त्यानंतर मात्र पाय उचलल्याशिवाय, खूर बोटांनी दाबून बघितल्याशिवाय तिनं एकाही वळूबद्दल तोंड उघडलं नाही. तासाभराचं काम दोन तासांचं झालं, ड्रायव्हर कुरकुरायला लागला, पण ती बधली नाही.

मग मोठे डॉक्टर रिटायर झाले आणि नवे साहेब आले. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. तरुण होते, शिकलेले, सगळ्यांना तुम्ही म्हणायचे. त्यांनी छापील तक्ते आणले. वळूच्या प्रत्येक अवयवाला आकडा द्यायचा, बेरीज करायची. तुळजक्काला त्यांनी जीपमधनं काढलं नाही, पण म्हणाले, "अक्का, तुमच्या नकोला कारण लागेल. कागदावर नको एवढंच लिहिता येत नाही."

ती कारणं सांगायला लागली. साहेब आकडे लिहायचे. बरं चाललं होतं.

आणि एक वळू आला. परदेशी रक्ताचा, आईचं दूध ऐकून माणसं तोंडात बोटं घालायची. साहेबांनी वर्षभर खटपट करून आणवला होता. वरच्या कचेरीतनं माणसं बघायला आली. हार घातला, फोटो काढले. मी वेसण धरून उभा. साहेब आनंदात होते, त्यांनीच हाक मारली, "तुळजक्का, या, तुम्हीही बघा."

तिनं मागनं बघितलं. चारी पाय उचलून खूर दाबले. पाणी ओतलं, चालवला, परत चालवला, तिसऱ्यांदा चालवला. माणसं घड्याळं बघायला लागली. ती साहेबांजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, नको."

वरच्या कचेरीतला एक जण म्हणाला, "काय म्हणतायत बाई? मोठ्यानं सांगा."

साहेबांनी मान हलवली, सांगू नका अशी. पण तिला मोठ्यानं विचारलं होतं. ती मोठ्यानं म्हणाली, "दूध चांगलं असेल. पाय चांगले नाहीत. मागचे दोन्ही सरळ आहेत, खूर दुखत नाहीत, मी बघितले. हे याचं जन्माचं आहे. हा मुलींना देईल. आपल्याकडच्या गाई सिमेंटवर उभ्या असतात दिवसभर. त्या बसतील, उठणार नाहीत."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. रागावले नव्हते, थकले होते. म्हणाले, "गणोजीराव, वर विचारतायत, ही बाई कोण, हिचं शिक्षण काय. मी सांगितलं, चुकून बोलली, जमीन उताराची होती. तिनं तेवढं म्हटलं की मिटलं. आणि तुमचा क्वार्टरचा अर्ज माझ्याकडं आहे. तुमची रिटायरमेंट जवळ आली, मुलीची परीक्षा होईपर्यंत वर्षभर तिथंच राहायचं म्हणता. मी द्यायला तयार आहे. पण वर लिहिताना मला या गोष्टीचा निकाल लागलेला पाहिजे."

ही धमकी नव्हती. खरंच तसंच होतं. मी घरी येऊन तिला सांगितलं.

"जमीन सपाट होती," ती म्हणाली.

"मला माहीत आहे. म्हणायचं नुसतं."

"नाही."

"चिक्कण्णाच्या वेळी सगळ्या गावासमोर चुकले म्हणालीस. आता एकदा म्हणालीस तर काय बिघडतं?"

"तेव्हा चुकले होते," ती म्हणाली.

मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, तिचा आवाज थांबलेला मला कळला. चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. तुळजक्का सकाळी चारा कापायला जायची, येऊन झोपायची. मी विचारलं की तेच. "वळू नको आहे. क्वार्टर गेला तर गेला. दुसरीकडं राहू."

आता जे लिहितो ते कुणाला माहीत नाही. मुलीलाही नाही.

रविवारी ती संतेला, म्हणजे आठवड्याच्या बाजाराला गेली होती. मी साहेबांच्या बंगल्यावर गेलो आणि म्हणालो, "साहेब, ती म्हणते तिचं चुकलं. जमीन उताराची होती. तिला स्वतः यायला लाज वाटते." साहेबांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाले, "अक्का मनानं मोठी आहे." मला वर्षभर क्वार्टर मिळाला.

वळू घेतला. तिला वाटलं, साहेबांनी तिचा नको धुडकावला. पुढच्या निवडीला जीप दारात आली, साहेबांनी आठवणीनं पाठवली होती. ती ड्रायव्हरला म्हणाली, "माझा शब्द ऐकायचा नसेल तर मला कशाला फिरवता? साहेबांना सांग, सरी, ठीक आहे, मी चारा कापते." परत कधी बसली नाही. साहेबांना कळेना, आता कशाला रुसली. मला सगळं कळत होतं. मी गप्प.

त्या वळूची वेसण रिटायर होईपर्यंत मीच धरली. दर वेळी तो डमीवर चढला की मी मागं बघायचो. कधी वाटायचं पाय सुजलाय, कधी वाटायचं नाही. मग त्याला दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात पाठवलं, त्यानंतर काय झालं कळलं नाही. त्याच्या मुली या बाजूला पुष्कळ आहेत. वर्तूरकडं, मोठमोठ्या इमारतींच्या मागं अजून गोठे आहेत, तिथं मी गेलोय. मागं वाकून बघितलंय. काही बऱ्या वाटल्या, काही नाही. मला तो डोळा नाही. म्हणून ती बरोबर होती की चूक, हे मी सांगू शकत नाही आणि सांगायची गरजही वाटत नाही. तिनं बघितलं ते सांगितलं. दुसऱ्या कुणी तीनदा चालवून बघितलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर आम्ही के. आर. पुरमला आलो. दोन खोल्या, खाली पीजीची पोरं, समोर मेट्रोचा आवाज. तिला आवडलं नाही, पण म्हणाली नाही. मग पुष्कळ वर्षांनी आजार. पोटात गाठ होती. डॉक्टर मुलीला बाहेर घेऊन बोलायला लागला तेव्हा ही आतनं म्हणाली, "इथंच बोला. अंग माझं आहे." त्यानं आत येऊन सांगितलं. तिनं दोन प्रश्न विचारले, किती दिवस आणि दुखेल किती, आणि मग घरी न्या म्हणाली.

शेवटी शेवटी एक दिवस दुपारी नवे साहेब आले. आता तेही रिटायर झालेत, डोक्यावर केस नाहीत. मेट्रोनं आले, हातात सफरचंदांची पिशवी. कुणाकडनं तरी ऐकलं होतं. मला बरं वाटलं. तिनं उठून बसायचा प्रयत्न केला, मी उशी लावली आणि कॉफी करायला गेलो. स्वयंपाकघर म्हणजे दोन पावलांवर, सगळं ऐकू येतं.

साहेब म्हणाले, "अक्का, मी पुष्कळ ठिकाणी काम केलं. पण तुमची एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. त्या वळूच्या वेळी तुम्ही आपला शब्द मागं घेतलात. तुमच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल. मोठं मन लागतं."

माझ्यासमोर गॅसवरचं दूध उतू गेलं.

मग ती म्हणाली, "अहो, साहेबांना कॉफी द्या."

मी दिली. साहेब अर्धा तास बसले, इकडचं तिकडचं बोलले, तिच्या पायांना हात लावून गेले. दार लागल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात?"

"रविवारी. तू संतेला गेली होतीस."

"काय सांगितलंत? तसंच्या तसं सांगा."

मी सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या माणसाला दोष दिला. फोन लावा."

"आत्ताच गेलेत. मेट्रोत असतील, ऐकू येणार नाही."

"घरी पोचू देत. मी जागी आहे."

तासभर ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत पडली होती. मी दोनदा म्हटलं, राहू दे, तुला त्रास होईल. चार वाजून गेल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. मी फोन लावला, स्पीकर केला आणि म्हणालो, "साहेब, त्या रविवारी मी खोटं बोललो. तिनं शब्द मागं घेतला नव्हता. तिला माहीतच नव्हतं."

साहेब म्हणाले, "असू दे हो, गणोजीराव. किती वर्षं झाली. आता कशाला ते."

तिनं हात पुढं केला. मी फोन तिच्या तोंडाजवळ धरायला गेलो तर तिनं तो माझ्या हातातनं काढून घेतला.

"साहेब, तुळजा बोलते. मला वाटत होतं तुम्ही माझा शब्द उडवलात. तुम्हाला मी फार वाईट समजले. ते माझं चुकलं."

"अक्का, अहो..."

"थांबा. तेवढं चुकलं. वळू नको होता, तो नकोच होता."

"अक्का, मी आता रिटायर झालो. कुठं लिहू हे?"

"लिहू नका. ऐकलं म्हणा."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "ऐकलं, अक्का."

तिनं फोन माझ्याकडं न बघता गादीवर ठेवला. उशी काढायला सांगितली, मी काढली. मग ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली, गुडघे पोटाशी घेऊन. मी खाटेजवळ उभा होतो. खाली पीजीच्या दारात कुणीतरी गाडी लावत होतं. ती मला बस म्हणाली नाही, म्हणून मी उभाच राहिलो.